'मूक' कोर्सला बोलतं कसं करायचं? (ऑनलाइन कोर्समध्ये शिकणाऱ्यांची आपसातली मदत)

रेघोटी
पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेची तोंडओळख करून देणारा ८ आठवड्यांचा मोफत मराठी कोर्स मूडल या कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरवर उभा राहतोय. आठवड्याला ८ ते १० मिनिटांचे ५ व्हिडिओ, एक प्रश्नमंजुषा आणि एक छोटा प्रोग्राम. शिकवणारे दोघं, नोंदणी ३०० ते ४०० धरली आहे. दोन माणसांनी इतक्या जणांच्या शंका आणि प्रोग्राम बघणं अशक्य आहे, म्हणून शिकणाऱ्यांनीच एकमेकांना मदत करावी अशी रचना हवी आहे.

अडलेले मुद्दे: चर्चा मूडलवर ठेवावी की व्हॉट्सॲपवर? गट केवढा करावा? सहाध्यायींनी एकमेकांचे प्रोग्राम तपासले तर गुणांवर विश्वास ठेवता येतो का? स्वयंसेवक किती लागतील? चर्चेत भाग घेण्याला गुण ठेवावेत का? मोघम सल्ल्यापेक्षा आकडे आणि सेटिंग्ज सांगितल्या तर उपकार होतील.

गणकयंत्र
आधी अपेक्षा जमिनीवर आणू. २०१७-१८ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या मंचावर एमआयटी आणि हार्वर्डच्या कोर्सेसना नाव घातलेल्यांपैकी ३ टक्क्यांच्या आसपास लोकांनी कोर्स पूर्ण केले. पैसे भरून ओळखीची पडताळणी करून घेतलेल्यांत मात्र हे प्रमाण ४६ टक्के होतं. म्हणजे मोफत नोंदणीचा आकडा हा लग्नाच्या आमंत्रणपत्रिकांचा आकडा आहे, पंगतीचा नाही. गट, स्वयंसेवक, तपासणी, सगळं नियोजन पहिल्या आठवड्याचं काम जमा करणाऱ्यांच्या संख्येवर करा.

गंमत अशी की हा प्रकार सुरू झाला तोच सामूहिक शिक्षण म्हणून. २००८ साली कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी जो कोर्स घेतला त्यात फी भरलेले २५ विद्यार्थी होते आणि बाहेरून फुकट आलेले दोन हजारांच्या वर. लोक आपापल्या ब्लॉगवर लिहायचे आणि ते रोजच्या पत्रातून सगळ्यांकडे जायचं. त्यालाच पुढे 'मूक' (मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स) हे लघुरूप चिकटलं. २०११ च्या स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कोर्सला सुमारे १ लाख ६० हजार नोंदण्या झाल्या, आणि त्यानंतरच्या मोठ्या मंचांनी व्हिडिओ व प्रश्नमंजुषा मध्यभागी ठेवून बोलणं कोपऱ्यात सारलं. मराठीत 'मूक' हा शब्द तेव्हापासून जास्तच चपखल बसतो.

मूडलवाला
सेटिंग्ज मागितल्यात म्हणून लांबलचक लिहितो.

चर्चेसाठी एकच मोठा फोरम ठेवू नका. ४०० जणांसमोर पहिला बाळबोध प्रश्न विचारायला कुणी धजत नाही. 'सेपरेट ग्रुप्स' वापरा, म्हणजे प्रत्येकाला फक्त आपल्या गटाची चर्चा दिसते. पण ५-६ जणांचे गटही करू नका. त्यातले तिघं गळाले की उरलेल्यांना रिकाम्या खोलीत बोलल्यासारखं होतं. सुरुवात २०-२५ ने करा. हे गट नोंदणीच्या दिवशी पाडायचे नाहीत. पहिला आठवडा सगळे एकत्र, पहिलं काम जमा झालं की फक्त जमा करणाऱ्यांची यादी घेऊन गट पाडायचे. आपोआप गट पाडणाऱ्या 'ऑटो-क्रिएट'मध्ये शेवटचा छोटा गट टाळण्याचा पर्याय आहे, त्यावर टिक करा, नाहीतर शेवटच्या गटात तिघंच उरतात. उशिरा आलेल्यांना चालू गटांत हाताने टाका.

फोरमचा प्रकार: शंकांसाठी साधा. आठवड्याच्या एका विचार करायला लावणाऱ्या प्रश्नासाठी 'क्यू अँड ए' प्रकार, कारण त्यात स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय इतरांची दिसत नाहीत. यात एक मेख आहे. उत्तर टाकल्या टाकल्या बाकीची दिसत नाहीत, संपादनाची मुदत संपल्यावर दिसतात आणि ती मूळ सेटिंगमध्ये ३० मिनिटं असते. हे आधी लिहून ठेवलं नाही तर 'फोरम बिघडलाय' अशा तक्रारींचा पाऊस पडेल.

सबस्क्रिप्शन (फोरमवरची प्रत्येक पोस्ट ईमेलने येणं) सक्तीचं ठेवू नका. दिवसाला ४० ईमेल आले की लोक कोर्सचा पत्ताच स्पॅममध्ये टाकतात, मग परीक्षेची सूचनाही तिथेच जाते. 'ऑटो' ठेवा आणि दिवसातून एकदा एकत्र ईमेल येईल असा पर्याय लोकांना निवडायला सांगा.

सहाध्यायींनी एकमेकांची कामं तपासण्यासाठी मूडलमध्ये 'वर्कशॉप' ही सोय आहे, त्यावर वेगळं लिहितो. तिथेच घोडं पेंड खातं.

तर्कट
मला मुळात हे पटत नाही. काल शिकायला लागलेला आज दुसऱ्याला काय शिकवणार? आंधळ्याने आंधळ्याचा हात धरायचा आणि दोघांनी विहिरीत पडायचं. चुकीचं उत्तर आत्मविश्वासाने लिहिणाऱ्याला सगळ्यात जास्त अंगठे मिळतात, हे कुठल्याही चर्चेत दिसतं.

गणकयंत्र
तर्कट, आक्षेप रास्त आहे, पण त्यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी १९९१ पासून वर्गात वापरलेली पद्धत बघा. संकल्पनेवरचा एक प्रश्न, प्रत्येकाने आपलं उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मधे असली तरच चर्चा करायची. ३० च्या खाली असतील तर तुमची आंधळ्यांची गोष्ट खरी ठरते, तिथे शिक्षकाने पुन्हा शिकवायचं. ७० च्या वर असतील तर दोन वाक्यांत खुलासा करून पुढे जायचं.

ऑनलाइन कोर्समध्ये हे आठवडाभर पसरता येतं. सोमवारी प्रश्न उघडायचा. उत्तरासोबत 'असं का वाटतं' ही एक ओळ सक्तीची. बुधवारी रात्री कुठल्या पर्यायाला किती मतं आणि कुठली कारणं, हे नावं न देता दाखवायचं. बरोबर उत्तर सांगायचं नाही. शुक्रवारपर्यंत गटात वाद आणि दुसरं मत. शनिवारी शिक्षकाचा ५ मिनिटांचा खुलासा. चुकीचं उत्तर लटकत राहत नाही, कारण त्याला शनिवारची मुदत आहे.

प्रश्न मात्र जाळ्यात पकडणारा हवा. 'पायथन कुणी बनवली' यावर काय वाद होणार! उदाहरणार्थ: तीन आकड्यांची एक यादी केली, तिला 'अ' नाव दिलं. मग 'ब बरोबर अ' असं लिहिलं. 'ब'मध्ये चौथा आकडा जोडला. आता 'अ'मध्ये किती आकडे? नवशिके हिरिरीने ३ म्हणतात, कारण त्यांच्या डोक्यात 'ब' ही झेरॉक्स प्रत असते. खरं उत्तर ४, कारण एकाच यादीला दोन नावं आहेत. हे शिक्षकाने दहादा सांगितलं तरी निसटतं, पण भांडून हरल्यावर जन्मभर लक्षात राहतं.

मूडलवाला
आता वर्कशॉप. टप्पे पाच: मांडणी, काम जमा करणं, तपासणं, तपासणीचं मूल्यमापन, समाप्ती. विद्यार्थ्याला दोन प्रकारचे गुण मिळतात, कामाचे ८० आणि दुसऱ्यांची कामं नीट तपासण्याचे २०, हे मूळ आकडे. ते २० कमी करू नका, तेच इंजिन आहे.

प्रत्येकाला ५ कामं तपासायला द्या. तीनच दिली आणि ४० टक्के लोकांनी तपासलंच नाही तर एका कामाला सरासरी दोनाहून कमी तपासनीस उरतात. पाच दिली तर तेवढ्याच गळतीत तीन उरतात. तीन ही किमान संख्या आहे. दोघांत मतभेद झाला तर कोण भरकटलं ते ठरवायला तिसरा लागतो, आणि 'सर्वोत्तम तपासणीशी तुलना' ही तपासनिसांना गुण देण्याची मूडलची पद्धतही दोघांत निरर्थक होते.

मूडल सरासरी काढतं. १० पैकी ८, ८ आणि २ मिळाले तर झाले ६. एका खवचट तपासनिसाने दोन गुण खाल्ले. एडएक्सची अशीच सोय मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा) घेते, तिथे ८ च राहतात. मूडलमध्ये शिक्षकाला त्या तपासणीचं वजन शून्य करता येतं किंवा गुण हाताने बदलता येतात. सगळी कामं बघत बसू नका. ज्यांच्या गुणांत १० पैकी ३ पेक्षा जास्त तफावत आहे तेवढीच उघडा.

आणखी चार गोष्टी. नमुना कामं तीन ठेवा (एक उत्तम, एक मध्यम, एक वरवर छान पण आतून चुकलेलं) आणि ती तपासल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असं सेटिंग करा. वाटप करताना एकाच गटातल्यांनी एकमेकांना तपासू नये हा पर्याय लावा, नाहीतर दोस्तीखातर सगळ्यांना १० पैकी १०. स्वतः काम न देता तपासण्याची मुभा बंद ठेवा. नावं लपवायची तर विद्यार्थ्याच्या भूमिकेतून लेखकाचं नाव बघण्याची परवानगी काढा, आणि प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत नाव लिहू नका असंही बजावा. हे सगळे विसरतात.

सगळ्यात मोठा घोळ वाटपाचा होतो. वाटप झाल्यावर कुणी काम जमा केलं तर ते कुणाच्याच वाट्याला येत नाही, तो बिचारा शून्यावर बसतो. म्हणून 'शेड्यूल्ड' वाटप ठेवा, उशिराची कामं बंद करा आणि सर्व्हरवर क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम) दर मिनिटाला चालतोय याची खात्री करा. क्रॉन बंद असेल तर रविवारी रात्री बारा वाजता होणारं वाटप सोमवारी दुपारीही झालेलं नसतं.

अर्धा_चहा
मूडलवालांच्या प्रतिसादाला पुरवणी. प्रत्येक आठवड्याला हे करू नका. एक काम नीट तपासायला १० मिनिटं धरली तर पाचांना ५० मिनिटं जातात. नोकरी करून शिकणारा माणूस दुसऱ्या वेळीच पळून जाईल. ८ आठवड्यांत दोनदा पुरे, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात. बाकीचे प्रोग्राम कोडरनर या मूडलच्या प्रश्नप्रकाराने यंत्राकडून तपासून घ्या. उत्तर बरोबर येतंय का हे यंत्र माणसापेक्षा चांगलं बघतं. माणसाने तेच बघावं जे यंत्राला नीट दिसत नाही: नावं अर्थपूर्ण आहेत का, एकाच फंक्शनमध्ये पाच कामं कोंबलीत का, वाचणाऱ्याला कळतंय का.

आणि निकष विशेषणांत लिहू नका. 'प्रोग्राम चांगला लिहिला आहे: ५ गुण' याला काही अर्थ नाही. 'रिकामी यादी दिली तर प्रोग्राम बंद पडतो का? पडत नसल्यास २, पडत असल्यास ०', असं लिहा. तपासणाऱ्याने हो किंवा नाही म्हणावं, मत देऊ नये. शेवटी एक मोकळा रकाना: 'यातली कुठली एक ओळ तुम्ही बदलाल आणि का?' खरं शिकणं त्या रकान्यात होतं.

रेघोटी
फारच कामाचं. आता शंकांकडे येऊ. 'मला कळलं नाही' एवढाच प्रश्न आला तर सहाध्यायी तरी काय उत्तर देणार?

सांगलीची_हळद
याचं उत्तम उदाहरण आपल्याकडेच आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाच्या शंका-मंचावर प्रश्न विचारताना आधी सॉफ्टवेअर, मग पाठ, मग मिनिट आणि सेकंद निवडावे लागतात. त्यामुळे उत्तर देणारा थेट त्या जागी जातो आणि एकाच जागी पाच प्रश्न पडले की व्हिडिओतच खोट आहे हे शिकवणाऱ्याला कळतं. मूडलमध्ये तशी सोय नसली तरी प्रश्नाचा साचा सक्तीचा करता येईल:

आठवडा, व्हिडिओ, मिनिट-सेकंद, काय व्हायला हवं होतं, काय झालं, चुकीच्या संदेशाची शेवटची ओळ, स्वतः काय करून पाहिलं.

प्रोग्राम मजकूर म्हणून चिकटवायचा, मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरपा फोटो नको. फोटोवरून कुणी चालवून बघू शकत नाही, आणि पायथनमध्ये तर ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागाच चुकलेली असते, ती फोटोत दिसत नाही.

त्याच प्रकल्पाकडून आणखी एक उचला. त्यांची संहिता दोन रकान्यांत असते, एकीकडे पडद्यावर काय दिसतं आणि दुसरीकडे काय बोललं जातं. रेकॉर्डिंगच्या आधी एखाद्या नवख्याला ती देऊन त्यानुसार करायला लावतात. तो जिथे अडतो तिथे संहिता बदलतात. लोकांची मदत कोर्स सुरू झाल्यावरच घ्यायची असं थोडंच आहे! पाच नवखे गाठा, पहिल्या दोन आठवड्यांच्या संहिता त्यांच्याकडून चालवून घ्या. पायथन बसवण्याचा पाठ तर नक्कीच. विंडोजवर पाथच्या (पायथन कुठे आहे ते संगणकाला सांगणाऱ्या सेटिंगच्या) छोट्या चौकोनात टिक करायची राहते आणि कोर्सचा पहिला दिवस तिथेच संपतो.

तर्कट
शंका विचारणाऱ्यांचं ठीक. पण गुण ठेवलेत की उत्तरं टेलिग्रामवर फिरणारच. एनपीटेलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सेसच्या) असाइनमेंटची उत्तरं यूट्यूबवर मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

सांगलीची_हळद
मिळतात. पण तिथलं गणित वेगळं आहे. असाइनमेंटला २५ टक्के (१२ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम ८ धरतात) आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के. शिवाय असाइनमेंट आणि परीक्षा दोन्हींत वेगवेगळं किमान गाठावं लागतं. नक्कल करणारा परीक्षेत उघडा पडतो. रेघोटींच्या कोर्सला परीक्षाच नाही, त्यामुळे गुणांचं वजन उत्तरावर न ठेवता शिकणाऱ्याने स्वतः तयार केलेल्या गोष्टीवर ठेवावं. ऑकलंड विद्यापीठात तयार झालेलं पीअरवाइज हेच करतं: विद्यार्थ्यांनीच बहुपर्यायी प्रश्न लिहायचे, खुलासा द्यायचा, इतरांनी ते सोडवून दर्जा आणि काठिण्य ठरवायचं. आठवड्याला एक प्रश्न लिहा आणि दुसऱ्यांचे पाच सोडवा, एवढं पुरे. चुकीचे पर्याय लिहिताना 'कुठली गैरसमजूत असलेला माणूस हा पर्याय निवडेल' ही ओळ मागा. ती नसली की लोक तीन विनोदी पर्याय आणि एक बरोबर उत्तर देऊन मोकळे होतात. चांगले निघालेले प्रश्न पुढच्या तुकडीच्या प्रश्नपेढीत.

अर्धा_चहा
चर्चेतल्या सहभागाला गुण? 'आठवड्याला किमान दोन पोस्ट' असा नियम केला की रविवारी रात्री पावणेबाराला 'छान माहिती, धन्यवाद' च्या रांगा लागतात, आणि ज्याला खरी शंका आहे त्याची पोस्ट त्या आभारप्रदर्शनात बुडते. त्यापेक्षा गटात आळीपाळीने एकाने आठवड्याचा सारांश लिहावा. कुठले प्रश्न आले, कुठलं उत्तर टिकलं, काय अजून सुटलेलं नाही, २०० शब्दांत. त्याला गुण द्या. शिक्षकाने दुरुस्त केला की तोच पुढच्या तुकडीचा नेहमीच्या शंकांचा कागद.

बॅजपेक्षा अधिकार द्या. डिस्कोर्स या चर्चा-सॉफ्टवेअरमध्ये विश्वासाच्या ० ते ४ पायऱ्या आहेत. पहिली पायरी चढायला मूळ सेटिंगमध्ये ५ विषय उघडणं, ३० पोस्टी वाचणं आणि १० मिनिटं वाचनात घालवणं एवढंच लागतं, लिहिणं नाही! वाचणाऱ्याला ते मोजतात हे मला फार आवडतं. वरच्या पायरीवर इतरांच्या प्रश्नांची शीर्षकं सुधारता येतात. मराठीत ते फार गरजेचं आहे. एक जण 'यादी' लिहितो, दुसरा 'लिस्ट', तिसरा रोमन लिपीत, आणि शोध घेतला की एकाला दुसऱ्याचं सापडत नाही. लोकांना हवं तसं लिहू द्या, शीर्षक मात्र स्वयंसेवकाने एका ठरलेल्या शब्दाने दुरुस्त करावं. शब्द कुठला यावर तीन पानी वाद होईल, तो कोर्स सुरू व्हायच्या आधी उरका.

मूडलवाला
स्वयंसेवक: सक्रिय २०-२५ जणांमागे एक, म्हणजे गटामागे एक. आठवड्याला ४ तासांपेक्षा जास्त काम नको. उत्साहाने रोज तीन तास देणारा तिसऱ्या आठवड्यात गायब होतो. दोन नियम आधीच लिहून द्या. पहिला: प्रश्न आल्यावर ४ तास हात आवरायचा, सहाध्यायीला संधी द्यायची, पण २४ तासांच्या पुढे एकही प्रश्न अनुत्तरित राहता कामा नये. दुसरा: पूर्ण प्रोग्राम लिहून द्यायचा नाही, अडलेली ओळ दाखवायची आणि 'इथे काय छापून बघशील?' असं विचारायचं. पहिल्या तुकडीला स्वयंसेवक ओळखीतले लागतात, दुसऱ्या तुकडीपासून चांगले सारांश लिहिणाऱ्यांतून घ्यायचे.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेली उत्तरं चिकटवणारे येतीलच. बंदीपेक्षा 'स्वतः चालवून पाहिलं का, काय आलं?' हा प्रश्न प्रत्येक उत्तराखाली विचारा.

भिडस्त
वाचनमात्र होतो, व्हॉट्सॲपबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. लोक मूडल रोज उघडणार नाहीत, व्हॉट्सॲप उघडतील. पण साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे फोन नंबर सगळ्यांना दिसतात. शिकणाऱ्या मुलींना त्याचा त्रास होतो आणि त्या काही न बोलता बाहेर पडतात. शिवाय मंगळवारचं उत्तर गुरुवारी सापडत नाही. त्यामुळे व्हॉट्सॲप ही फक्त शाळेची घंटा ठेवा. कम्युनिटीच्या घोषणा-ग्रुपमध्ये सभासदांचे नंबर एकमेकांपासून झाकलेले राहतात, तो वापरा. दिवसाला एकच संदेश: 'आज हे तीन प्रश्न अनुत्तरित आहेत', आणि प्रत्येकाची थेट लिंक. 'अभ्यास करा' असल्या संदेशाने कुणी येत नाही, 'याला उत्तर येतंय का?' म्हटलं की येतात.

दुसरं, सगळं ऑनलाइनच कशाला? पीअर टू पीअर युनिव्हर्सिटी या संस्थेने अमेरिकेतल्या शिकागोच्या सार्वजनिक वाचनालयांत अभ्यास-मंडळं चालवली. आठवड्यातून एकदा दीड-दोन तास लोक एकत्र बसून ऑनलाइन कोर्स करतात, आणि मंडळ चालवणारा विषयातला तज्ज्ञ असावा लागत नाही. आपल्याकडे तालुक्याच्या गावी अभ्यासिका आहेत, वाचनालयं आहेत. एमएस-सीआयटी २००१ पासून गावोगावच्या केंद्रांवर चालली, तिथेही अडलं तर शेजारी विचारायला माणूस होता. एका गावातले ६-७ जण नोंदणीत दिसले तर त्यांना विचारून जोडून द्या. चार संगणक आणि बरं वायफाय पुरतं. व्हिडिओ आधीच उतरवून ठेवा, सात जणांनी एकदम लावले की वायफाय मान टाकतं.

रेघोटी
शेवटची एक शंका. पाचव्या आठवड्यात एखाद्या गटात सातच जण बोलते उरले तर?

मूडलवाला
दोन गट जोडा, पण सहाव्या आठवड्याच्या वर्कशॉपचं वाटप व्हायच्या आधी. वाटपानंतर गट बदलले तर 'एकाच गटातल्यांनी तपासू नये' हे बंधन जुन्या गटांवर लागलेलं राहतं. जुन्या गटांतून लोकांना काढू मात्र नका, 'सेपरेट ग्रुप्स'मध्ये त्यांना त्यांचंच जुनं लिखाण दिसेनासं होतं. तिसरा नवा गट करून दोन्हीकडचे त्यात घाला, जुने तसेच राहू द्या. आणि नव्या गटात पहिली पोस्ट दोघा सारांशकारांनी टाकावी, दोन्ही बाजूंचे न सुटलेले प्रश्न घेऊन.

तर्कट
विहीर मागे घेतो. तिसऱ्या आठवड्याच्या नमुना कामांपैकी 'वरवर छान पण आतून चुकलेलं' मी लिहून देईन, त्यात हात चांगला बसलाय.